हिरवीच्या पानाकडे येणारी पानं

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

अकरा नंबरची वही गेली! व्हार्निशचा डबा कलंडला, तो थेट तिच्यावर. फडकं आणेपर्यंत पानं चिकटलीसुद्धा. सुरीने सोडवायला गेले तर अक्षरासकट कागद सोलून निघाला. दीड वर्षाच्या मोटारींच्या नोंदी होत्या तिच्यात.

हे शांत. "जाऊ दे की. आता कुणाला लागणार हायती त्या?"

एका अर्थी यांचं खरं आहे. साखरेने डोळ्यांच्या पडद्याची वाट लावली. बारीक तार आता यांना बोटांनी कळते, डोळ्यांनी नाही. अक्षय्य तृतीयेला दुकान बंद करायचं आणि कोरेगावला परत जायचं, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे यांनी ठरवलं, मी मान हलवली.

पण तेवीस वर्षं त्या वह्या मी लिहिल्या. फौजेतून सुटून यांनी जयपूरच्या मुरलीपुऱ्यात मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान टाकलं त्या दिवसापासून. जळकी मोटर उघडायची. तार कापण्याआधी यांनी मोजून सांगायचं — खाचा किती, एका कॉइलला टर्न म्हणजे वेढे किती, तार कुठल्या गेजची म्हणजे किती जाड, जोडणी कशी — आणि मी लिहायचं. तार एकदा उपटून भंगारात टाकली की मोटर मुकी होते. ती मुळात कशी भरली होती ते फक्त वहीला ठाऊक.

चौदा वह्या होत्या, तेरा राहिल्या. दुपारी मोरीत जाऊन रडले. वहीसाठी रडणारी बाई मी पहिलीच असेन.

१९ फेब्रुवारी

हर्षालीला फोन केला. माझा आवाज ऐकून म्हणाली, "आई, तू रो मत ना... मतलब, रडू नको. मी संडेला येते." लेक जयपुरात वाढली, तिचं मराठी असंच अडखळत चालतं. पण चालतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

हर्षाली आली, रिक्षात कॉम्प्युटर घालून! जवाहर नगरच्या शाळेत ती कॉम्प्युटर शिकवते. शाळेने काढून टाकलेला हा म्हातारा तिने मागून घेतला. कूलरच्या पंख्यासारखा घरघरतो. वर एक पेनड्राइव्ह. म्हणाली, यात तुझ्या सगळ्या वह्या मावतील.

त्यात एक एवढंसं सॉफ्टवेअर आहे. लग्नातल्या एका फोटोपेक्षा कमी जागा खातं म्हणे. इंटरनेट लागत नाही. कुणीतरी एकट्या माणसाने बनवलं आणि ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून ठेवून दिलं. असल्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. नाव नाही, गाव नाही, आणि त्याची वस्तू मुरलीपुऱ्यात मोटारीच्या दुकानात.

उघडलं तर नुसता कोरा कागद. रंग नाही, चित्र नाही, नक्षी नाही. लिहायचं, बस. गंमत एकच — कुठल्याही शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोनी कंस टाकले की तो शब्द दाबता येतो, आणि दाबला की त्या नावाचं पान उघडतं. पान नसेल तर शब्द तांबडा दिसतो. तांबडा म्हणजे अजून लिहायचं बाकी. एवढंच! मला वाटलं होतं महिनाभर शिकावं लागेल. चहा निवायच्या आत शिकले.

हर्षाली म्हणाली, "और ये देख." प्रत्येक पानाच्या तळाला आपोआप एक यादी येते — या पानाकडे येणारी पानं. आपण कुठे गेलो ते आपल्याला माहीत असतं. आपल्याकडे कोण कोण आलं ते हे सांगतं, आकड्यासकट.

आणि सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी पानं साधीच फाइल आहेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतात. हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

यांनी लांबूनच विचारलं, "वही हाय की. तिला काय रोग झालाय?" मी अकरा नंबरची वही यांच्या हातात दिली. विटेसारखी कडक.

२ मार्च, रविवार

आठवड्यात एकशे ऐंशी पानं! देवनागरी टंकायला बोटं वळायला लागली. पहिल्या वह्यांत छोट्या मोटारी जास्त, म्हणून पाच नंबरच्या वहीपासून सुरुवात केली आहे. एक मोटर, एक पान. गिऱ्हाईकाचं पान वेगळं. तारेच्या गेजचं वेगळं. ज्याने भरली त्याच्या नावाचं वेगळं. 'जळून परत' याचंही एक पान.

वहीत शोधायचं म्हणजे मी बोट लावून चारशे पानं चाळायची आणि हे खुर्चीत बसून "सापडलं का" विचारायचे. आज नागाणा चौधरी या जुन्या गिऱ्हाईकाची मोटर शोधायला मला किती वेळ लागला? नाव टंकलं, समोर! वर त्यांच्या भावाचीही मोटर आली. ती २०१२ ला भरली होती आणि मी पार विसरले होते. मी यांना दोन्ही वाचून दाखवल्या. यांनी नुसतं "हं" केलं. यांचं "हं" म्हणजे पुष्कळच.

५ मार्च

आज पहिल्यांदा कलावतीच्या नावाला कंस टाकले. तांबडं उमटलं.

कलावती आमच्याकडे आठ वर्षं कॉइल भरायची. मूळची अकोल्याची, यजमान रेल्वेत, बदलीने इथे आले. बायका हे काम करत नाहीत असं आसपासचे सगळे दुकानदार सांगायचे. हे म्हणाले, हात बघा, बाई बघू नका. यांचं ते वाक्य मला अजून आवडतं. तिची बोटं अशी चालायची की तार आपणहून खाचेत शिरते आहे असं वाटावं. दुपारी आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो.

२०१९ च्या उन्हाळ्यात तिने भरलेल्या तीन मोटारी एकामागून एक जळून परत आल्या. हे म्हणाले, तिचा हात बिघडला, खाचेतला कागद दाबला जातोय, तार सोलवटतीय. उद्यापासून येऊ नको म्हणून सांग तिला. मी सांगितलं. चहा ठेवला होता मी. ती चहा न पिता गेली. त्यानंतर मी कधी तिच्या घरी गेले नाही.

तिचं पान केलं. एक ओळ लिहिली — कलावती, २०११ ते २०१९.

९ मार्च, रविवार

कामाच्या पानांत आज मी ठेच्याचंही पान केलं. त्यातून लसणीला दुवा, लसणीतून आईला. आईच्या पानावर तिच्या हातच्या सहा पदार्थांची नावं लिहिली, सहाही तांबडी. हे म्हणाले, "मोटारीच्या वहीत ठेचा? गिऱ्हाईक मोटर न्यायला येणार का भाकरी खायाला?" म्हटलं, दोन्हीला येऊ दे.

सॉफ्टवेअर काही म्हणत नाही. त्याला मोटर आणि ठेचा सारखेच. हाही एक मोठेपणाच.

१४ मार्च

धुळवड. दुकान बंद. कीबोर्डवर रुमाल टाकून ठेवला, तरी शेजारच्या पोरींनी गुलाबी बोटं उमटवलीच.

२२ मार्च, शनिवार

शीतलाष्टमी. आज इथे कुणी चूल पेटवत नाही. शेजारच्या मालकीणबाईंनी कालची बाजरीची राब, आपल्या आंबिलीसारखी, आणि दहीभात आणून दिला आणि मला बजावलं, आज भट्टी लावू नका. भरलेली मोटर व्हार्निशमध्ये बुडवून भाजायची ती भट्टी. तीही चूलच का? हे म्हणाले, "देवीशी कोण वाद घालणार." भट्टी बंद ठेवली, दिवसभर टंकलं. एकूण आठशे वीस पानं झाली. सहा नंबरची वही केव्हाच संपली. आता दहाच्या पानांवर आले.

२६ मार्च, बुधवार

कानोत्याहून एक शेतकरी आला, ट्रॉलीत हिरवी घालून.

हिरवी म्हणजे एका जुन्या कंपनीचा पाच हॉर्सपॉवरचा पंप. हिरव्या रंगाचा, म्हणून आमच्या दुकानात तिचं नाव हिरवी. हल्ली शेतकरी बोअरमध्ये सोडायच्या मोटारी लावतात, त्यामुळे हिरवी वर्षावर्षांत येत नाही. हा म्हणाला, वडिलांनी घेतली होती, आजवर कुणी उघडलेली नाही. खरंच उघडलेली नव्हती. कॉइलला कंपनीची बारीक दोरी जशीच्या तशी बांधलेली. एक कॉइल जळाली होती, बाकीच्या शाबूत.

यांनी डोळे मिटून बोटांनी मोजलं. एकेक टर्न. म्हणाले, "चव्वेचाळीस." मग पुन्हा मोजलं. "चव्वेचाळीस. लिही."

मी हिरवीचं पान उघडून बसले होते. त्यावर अडतीस.

म्हटलं, "पानावर अडतीस आहे." हे म्हणाले, "असंल." आणि उठून चहाच्या टपरीवर गेले.

मी शिकलेली नाही, पण तेवीस वर्षं ऐकून एवढं कळतं. टर्न कमी पडले की मोटर जास्त करंट ओढते. व्होल्टेज कमी असेल तोवर निभावतं. वाढलं की तापते आणि जळते. सहा टर्न म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

सहा नंबरची वही काढली. २०१४ मधली ती नोंद. अडतीस टर्न, माझं अक्षर. शेजारी रकाना — मूळ, म्हणजे कंपनीने भरलेली, की दुसऱ्यांदा भरलेली. त्यात मी 'मूळ' लिहिलं आहे.

तो रकाना हे कधी सांगत नसत. घाईत आकडे सांगायचे आणि तार कापायला घ्यायचे. मी आपली प्रत्येक ठिकाणी 'मूळ' लिहीत जायचे. रकाना मोकळा दिसला की मला चैन पडत नाही म्हणून! २०१४ ची ती हिरवी आधी कुणीतरी दुसऱ्याने भरलेली असणार. त्याने सहा टर्न कमी भरले, आणि मी त्याच्या चुकीवर 'मूळ' असा शिक्का मारला. पुढे जी हिरवी आली ती वही बघून भरली गेली.

मग पानाच्या तळाला पाहिलं. या पानाकडे येणारी पानं — चार.

पहिलं, २०१६. भरली यांनी. जळून परत. कारण: गिऱ्हाईकाने पाण्याविना चालवली.

बाकी तीन, २०१९. भरल्या कलावतीने. जळून परत. कारण: हाताचा दोष.

चारही कारणं माझ्याच हाताने लिहिलेली. वह्यांत ही पानं एकमेकांपासून इतकी लांब होती की मी कधी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. कॉम्प्युटरने एका यादीत ठेवली. नुसती ठेवली.

२७ मार्च

काही लिहवत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

लिहिते. इथे नाही लिहायचं तर कुठे.

आज मी हिरवीच्या पानावर जाऊन अडतीस खोडून चव्वेचाळीस केलं. दोन कळा दाबल्या फक्त. वहीत खाडाखोड दिसते, शाईचा डाग राहतो. इथे काही म्हणजे काही राहत नाही. पान असं दिसायला लागलं जणू पहिल्यापासून चव्वेचाळीसच होतं. सहा नंबरच्या वहीवर व्हार्निश सांडायचं तेवढं बाकी. तोही विचार मनात येऊन गेला. खोटं कशाला लिहू.

३० मार्च, रविवार

पाडवा. दुकानावर गुढी उभारली. समोरचा दुकानदार दरवर्षी विचारतो, लोटा उलटा का, आणि मी दरवर्षी सांगते. हर्षाली पुरणपोळी खायला आली. म्हणाली, "आई, तू चुप का आहेस?" म्हटलं, गुडघा दुखतो. तिने गुडघ्याला तेल लावून दिलं. दुखत नसलेल्या गुडघ्याला.

३१ मार्च

पान पुन्हा उघडलं. चव्वेचाळीस काढून टाकलं आणि सगळं लिहिलं — अडतीस टर्न, ही नोंद चूक. दुसऱ्याने भरलेली मोटर मूळ समजून लिहिली गेली. खरे टर्न चव्वेचाळीस. चारही मोटारींच्या पानांवर 'कारण' बदललं: आकडा चुकीचा. हाताचा दोष नाही.

थोडं हलकं वाटलं. यांना सांगितलं नाही. यांनीही त्या हिरवीविषयी पुन्हा शब्द काढला नाही. मोटर भरून, भाजून कानोत्याला गेलीसुद्धा.

४ एप्रिल, शुक्रवार

दहा नंबरची वही संपली. कलावतीच्या सगळ्या मोटारी आता आत आल्या. तिचं पान उघडलं आणि तळाशी पाहिलं.

चारशे बारा.

चारशे बारा मोटारी भरल्या या बाईने! त्यातल्या परत आल्या तीन, आणि त्या तिन्ही हिरव्या. त्याच आठ वर्षांतल्या यांच्या मोटारी काढून बघितल्या — परत आलेल्या एकोणीस. यांचा हात कसा आहे ते सगळ्या सीकर रोडला माहीत आहे, यांना नाव ठेवायला मी लिहीत नाही. पण तिचा हात काय होता! आणि आम्ही तिला हात बिघडला म्हणून घालवली.

इतकी वर्षं ती बेरीज माझ्याच घरात होती, माझ्याच अक्षरात. मी ती कधी केली नाही. मला लाज वाटते.

९ एप्रिल

कूलर सुरू झाले. दिवसाला आठ-आठ छोट्या मोटारी येतात. हे निम्म्या परत पाठवतात. एक भरली, तर तार दोनदा तुटली. रागावले नाहीत, हसले. मला ते रागावलेले चालले असते.

१५ एप्रिल, मंगळवार

काल चौदा एप्रिल, जयंती, तिच्या घरात पाहुणे असतील म्हणून आज गेले. कलावती अजून त्याच रेल्वे क्वार्टरमध्ये. दारात मला बघून म्हणाली, "या ताई. बसा."

केस पांढरे झालेत. बाकी तीच. कोपऱ्यात टेबलावर कूलरच्या मोटारी मांडलेल्या. घरीच भरते, एका दुकानासाठी. कालचे बेसनाचे लाडू दिले. मी लाडू हातात धरूनच सगळं सांगितलं. अडतीस, चव्वेचाळीस, चार पानं, चारशे बारा. वाक्य संपेपर्यंत लाडवाचा भुगा झाला होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्या सांगतलं होतं तुमाले."

मला कळेना.

"पयली हिरवी भरतानाच सांगतलं. ताई, हे कंपनीचं वायंडिंग नाही दिसत. खाच भरतच नाही, केवढी जागा उरते. कंपनी एवढी जागा सोडत नसते. तुमी म्हनल्या, वहीत मूळ लिवलं हाये ना, मंग मूळच. दुसऱ्या टायमालेही सांगतलं. तुमी वही उघडून दाखोली मले."

ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर मला रडता आलं असतं.

मी म्हटलं, दुकान बंद होतंय. तू येशील तर नाही होणार. ती मोटारीला कापडाची पट्टी बांधत राहिली. गाठ मारून म्हणाली, "पयले ते कंप्युटर दाखवा मले. मंग पाहू."

१७ एप्रिल

मला आठवत नाही! दोन दिवस आठवते आहे. तिने सांगितलं असणार, कलावती खोटं बोलत नाही. मी वही उघडून दाखवली असणार, ती माझी सवयच. पण माझ्या डोक्यात ते कुठेच नाही. चूक केली ती एक वेळ कळते. सांगितलेलं ऐकलंच नाही, हे सोसत नाही.

२० एप्रिल, रविवार

कलावती आली. सहा वर्षांनी दुकानाची पायरी चढली. यांनी आवाज ओळखला, उठून उभे राहिले. "ये," म्हणाले. मग चहा सांगतो म्हणून बाहेर गेले ते तासभर आलेच नाहीत.

मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिचं पान उघडून दिलं. कसं दाबायचं ते एकदा दाखवलं. पुढे ती स्वतःच दाबत गेली. एक मोटर उघडायची, वाचायची, मागे यायचं, दुसरी. मधूनच बोलायची. "हिचा पंखा तुटका होता." "हे बाबाजी फार कटकट करत." "हिच्यात उंदरानं घर केलं होतं, तुमी किंचाळल्या होत्या." चाळीसेक पानं वाचली असतील. शेवटी तळाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "चारशे बारा. म्या तर मोजलंच नव्हतं." आणि पदराने डोळे टिपले. मीही टिपले.

मग हिरवीचं पान. तिने ते हळू वाचलं. "लिहिली गेली." पुन्हा वाचलं. "कोन लिवली?"

"मी."

"मंग तुमचं नाव कुठं हाये?"

शोधलं. नव्हतं. ज्याने भरली त्याचं नाव होतं, गिऱ्हाईकाचं होतं, तारेच्या गेजचं होतं. ठेच्याचं होतं. चौदाशे पानांत लिहिणारीचं नाव एकदाही नव्हतं. तेवीस वर्षं मी सगळ्यांच्या चुका त्यांच्या-त्यांच्या नावाखाली नीट मांडत आले, आणि माझी चूक राहायला मी जागाच ठेवली नव्हती.

हिरवीच्या पानावर 'लिहिली गेली' खोडून माझं नाव टंकलं, दोन्ही बाजूंना कंस. तारामती. तांबडं उमटलं. दाबलं. कोरं पान.

कलावती म्हणाली, "सरका. म्या लिवते." एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, पाच मिनिटं लागली तिला. मी खिडकीबाहेर बघत होते. मग वाचलं —

लिहिते चांगलं. ऐकत नाही.

मला हसूच आलं. तीही हसली. मोटर तपासून निकाल लिहितात तसं लिहिलं तिने, ना एक शब्द जास्त ना कमी. मी ते पुसणार नाही. हर्षालीलाही दाखवणार आहे.

जाताना म्हणाली, "एक तारखेपासून येते. हप्त्यात तीन दिवस. आन त्या रकान्यात म्या सांगीन तेच लिवाचं. नाही सांगतलं तर मोकळा ठेवाचा."

मोकळा ठेवीन.

२१ एप्रिल

यांना म्हटलं, कलावती येणार, दुकान चालू ठेवायचं. हे म्हणाले, "बरं हाय." जेवण मात्र अर्धंच केलं.

२६ एप्रिल, शनिवार

मोटारींची बाराशे पानं तपासून झाली. जिथे जिथे मी 'मूळ' लिहिलं आहे त्या प्रत्येक नोंदीला 'तपासायचं' असा दुवा टाकते आहे. त्या पानाचा तळ आता इतका लांब झाला आहे की खाली जाताना बोट दुखतं. कलावती आणि मी मिळून एकेक सोडवू. कामाचं इतकं सुख मला फार दिवसांनी वाटतं आहे. कुणी एकट्याने बसून हे बनवलं त्याला कोरेगावी पद्धतीने जेवू घालावं असं वाटतं.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. दुकान उघडं.

यांना दिसत नाही म्हणून सकाळी सगळी पानं मोठ्याने वाचून दाखवली. हिरवीचं, कलावतीचं, माझं. माझ्या पानावर मला वाटलं हे हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "माझं नाव बी जोड तितं. तिसरी जळून आली तवाच म्या खाच बघितली हुती. आकडाच चुकलाय, कळलं हुतं मला."

मी विचारलं, मग तिला का काढलं?

"वहीत अक्षर तुझं हुतं. तुला कळलं असतं तर तू परत पेन धरलं नसतंस."

नाव जोडलं. उद्या कलावती येईल. तिने पान उघडायच्या आधी मीच तिला तोंडाने सांगणार. मग थांबायचं की जायचं ते ती ठरवेल. ती सांगेल ते मी ऐकेन.